सागवानी पलंगाचा बाक, जोड न मोडता

जुन्या नाशकात वाडा उतरवायला काढला की तुळया आणि खांब आधी विकले जातात, मग दारं-खिडक्या. पलंग शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभा असतो. तिवंध्यातल्या किंवा सराफ बाजारातल्या माजघरात दोन पिढ्या वापरलेला सव्वासहा फुटी सिंगल पलंग पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये मावत नाही, कारण तिथे गादीखाली सामान ठेवायचा डबल बेड आधीच येऊन बसलेला असतो. मग पलंग जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे घनफुटाच्या भावाने जातो. तो विकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

घनफुटाचा हिशेब आधी करून बघा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. सहा फूट लांब, पाच इंच रुंद, सव्वा इंच जाड पट्टी म्हणजे जेमतेम ०.२६ घनफूट. अख्ख्या सिंगल पलंगात फळ्या धरूनही दोन घनफुटांच्या आसपासच लाकूड निघतं. व्यापारी पैसे देतो ते एवढ्या लाकडाचे. त्यातल्या जोडांचे, म्हणजे कुसू (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) आणि खोबण (ती जिच्यात बसते ती खाच) एकमेकांत घट्ट बसवणाऱ्या सुताराच्या कामाचे, कोणी देत नाही. आणि पलंगात खरी किमतीची गोष्ट तीच आहे.

या पलंगाचा दोघांना बसता येईल असा हातांचा बाक होतो. उशाकडची उंच चौकट बाकाची पाठ होते, पायथ्याकडची बुटकी चौकट मधोमध कापून तिचे दोन हात होतात, बाजूच्या लांब पट्ट्यांतून बैठक निघते. कल्पना जुनी आहे, अनेकांनी केली आहे. मात्र बहुतेक जण सगळे जोड उपटून मोकळ्या लाकडातून नवा बाक बांधतात, किंवा लोखंडी एल पट्ट्या आणि स्क्रूवर भागवतात. दोन्ही करू नका. नीट जुळवलं तर पलंगाच्या पायांतल्या चारही खोबणी बाकात जशाच्या तशा कामाला येतात. कापायचं ते दोन जोडांच्या मधे, जोडावर कधीच नाही.

पलंग चालेल का

पार्टिकल बोर्डाचा किंवा नुसत्या प्लायचा पलंग यासाठी निरुपयोगी, कापला की त्यात जोड उरतच नाही. सागवान, शिसम, बाभूळ चालतात. नाशिकच्या घरांत बहुधा सागच निघतो. पेठ-सुरगाण्याचं सागाचं जंगल आणि त्याला लागून गुजरातमधल्या डांगचं, हे लाकूड इथे पूर्वीपासून येतं. पट्टीच्या आतल्या, पॉलिश न लागलेल्या बाजूला रंध्याचा एक हलका हात मारा. सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट लागणं आणि चामड्यासारखा वास, एवढ्यावरून साग ओळखता येतो.

त्यानंतर पाय तपासा. गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर मोजणारं हे गाव. नदीकाठच्या घरातला पलंग असेल तर ऑगस्ट २०१६ च्या पुरात तो पाण्यात उभा होता असं धरूनच चाला. पायाच्या तळाला दाभण टोचा. चांगल्या सागात ती दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. सहज अर्धा इंच गेली तर तेवढा भाग कुजलाय. चारही पाय सारखे कापून टाका, कुजका भाग संपून वर आणखी अर्धा इंच चांगलं लाकूड जाईल इतके. इंच-दीड इंच उंची गेली तरी बाकाचं बिघडत नाही, बैठकीवर गादी येणार आहे. त्याहून जास्त गेली तर तळाला सागाचा ठोकळा जोडावा लागतो.

कीड दोन प्रकारची. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. एक ते दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी पडत असेल तर भुंगा. सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही. पट्टीच्या कडेला जो फिकट पांढरा पट्टा असतो, तोच तो खातो. भोकं जुनी असतील आणि पट्टीखाली काळा कागद ठेवून पंधरा दिवसांत भुकटी पडली नाही, तर कीड मेलेली आहे. भुकटी पडत असेल तर पॉलिश उतरवल्यावर, लाकूड उघडं असताना, एक लिटर गरम पाण्यात २० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि ३० ग्रॅम टाकणखार विरघळवून ब्रशने तीन हात द्या, एकेका दिवसाच्या अंतराने. पॉलिशवरून दिलं तर आत शिरत नाही. हे औषध पाण्याने धुऊन निघतं, त्यामुळे बाक घरातच राहणार असेल तर ठीक, उघड्या गॅलरीत ठेवायचा असेल तर उपयोग नाही. रॉकेल मारायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने काही दिवस वास येतो, कीड थोडी मरते, आणि नंतर त्या जागी ना गोंद धरत ना पॉलिश. रॉकेल नकोच.

तिसरी तपासणी कोणी करत नाही आणि तिथेच काम अडतं. पाय कातीव असतील तर बारकाईने पाहा: कातारी जिथे जोड यायचा आहे तिथेच पाय चौकोनी ठेवतो, बाकी गोल कातून काढतो. बाकात पायथ्याच्या चौकटीची वरची पट्टी, म्हणजे बाकाचा हात, उशाच्या पायाला एका नव्या जागी टेकणार आहे. ती जागा गोल भागावर आली तर सपाट टोक गोलाला चिकटणार नाही. म्हणून कापायच्या आधी पायथ्याची चौकट उशाच्या पायाला काटकोनात टेकवून पेन्सिलने खूण करा. चौकोनी भाग आला तर उत्तम. गोल आला तर हाताचं टोक अर्धगोल कानशीने आतून कोरून त्या गोलाईत बसवावं लागेल. त्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढा.

सोडवणं

प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून एकच अक्षर लिहा: क-क, ख-ख. पेन्सिलची खूण घासताना जाते. लांब पट्ट्या पायांना कुसवाने बसवून बोल्टने किंवा लोखंडी आकड्याने आवळलेल्या असतात. बोल्ट गंजला असेल तर आदल्या रात्री तेल सोडा आणि आधी अर्धा आटा घट्ट करून मग सैल करा. एकदम उलटा फिरवला तर डोकं तुटतं.

कुसवातून आरपार बांबूची मेख असेल तर ती बारीक टोकाच्या बाजूने ठोकून बाहेर काढायची. कोणतं टोक बारीक ते नीट पाहा. उलटीकडून ठोकली तर ती आणखी घट्ट बसते आणि पायाची कड फोडते. पायावर हातोडा थेट मारू नका, मधे लाकडाचा तुकडा धरा.

फक्त लांब पट्ट्या सुट्या करायच्या आहेत. उशाची चौकट आणि पायथ्याची चौकट उघडायची नाही. त्यांतला एखादा जोड हलत असेल तर तेवढाच सोडवा. जुन्या कामात सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, असतो. जोडावर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की सरस मऊ पडतो आणि पटाशीने खरवडून निघतो. जुन्या सरसावर नवं फेव्हिकॉल कधीच धरत नाही, दोन्ही बाजू उघड्या लाकडापर्यंत साफ झाल्याच पाहिजेत.

मापं

इथली मापं तीन फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब पलंगाची आहेत, पाय अडीच इंच चौरस. तुमच्या पलंगाची वेगळी असतील तर पद्धत तीच ठेवून आकडे बदला.

पायथ्याची चौकट बाहेरून बाहेर ३६ इंच, म्हणजे मधे कापल्यावर प्रत्येक तुकडा १८ इंचांचा. त्याला मागून उशाच्या पायाचे अडीच इंच जोडले की बाकाची एकूण खोली साडेवीस इंच. बसायला नेमकी हवी तेवढी. म्हणूनच सिंगल पलंग या कामाला सगळ्यात सोयीचा. चार फुटी पलंगात अर्धा तुकडा २४ इंचांचा होतो, पाच फुटीत ३० इंचांचा. तितक्या खोल बाकावर पाठ टेकली की पाय लोंबकळतात. अशा वेळी पाय असलेल्या टोकापासून १८ इंच मोजून कापायचं आणि मधला उरलेला भाग बाजूला ठेवायचा. चौकटीत उभे दांडे असतील आणि त्यांची संख्या विषम असेल, तर मधला दांडा करवतीखाली येतो. तो आधीच काढून घ्या.

बाजूच्या प्रत्येक लांब पट्टीची दोन्ही टोकांच्या कुसवांसकट लांबी सुमारे साडेबहात्तर इंच भरते. एक टोक उशाच्या पायात बसत होतं, दुसरं पायथ्याच्या. पहिल्या पट्टीच्या पायथ्याकडच्या टोकाकडून साडेतेहतीस इंच कापा. ही बाकाची पुढची पट्टी: पायांमधलं मोकळं अंतर ३१ इंच, अधिक दोन टोकांना सव्वा-सव्वा इंचाचं कुसू. एका टोकाला कुसू तयार आहेच, दुसऱ्या टोकाला नवं करायचं. अख्ख्या बाकात नवं कुसू एवढं एकच. त्याच पट्टीच्या उशाकडच्या टोकाकडून पावणेसतरा इंच कापा, तिथेही कुसू तयार आहे. हा बैठकीचा बाजूचा आधार. दुसऱ्या पट्टीच्या उशाकडून तसाच पावणेसतरा इंचांचा दुसरा आधार घ्या आणि उरलेल्यातून ३१ इंचांची मागची आधारपट्टी. बाकी तुकड्यांतून मधला आडवा आधार आणि उताराच्या पाचरी निघतात. काहीच वाया जात नाही.

करवत चालवण्याआधी प्रत्येक रेघेवरून लोहचुंबक फिरवा. जुन्या पलंगात डोकं तुटलेले खिळे लांबीखाली, म्हणजे भोकं बुजवायच्या भरावाखाली, दडलेले असतात, एका खिळ्याने पातं जातं आणि मशीनची करवत असेल तर हातही.

डावा उजवीकडे, उजवा डावीकडे

सगळ्यात जास्त चूक इथे होते. पायथ्याच्या पायांना पलंगाच्या आतल्या अंगाला खोबण आहे, जिच्यात लांब पट्टी बसत होती. बाकात हीच खोबण पुढच्या पट्टीसाठी हवी, म्हणजे ती बाकाच्या आत, समोरच्या हाताकडे तोंड करून यायला हवी. पलंगावर झोपलेल्या माणसाच्या उजव्या पायाकडचा तुकडा बाकावर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला लावला तरच तसं होतं, आणि डावा तुकडा उजव्या हाताला. सरळसरळ डावा डावीकडे लावला तर खोबणी बाकाच्या बाहेर तोंड करून उघड्या पडतात आणि पुढच्या पट्टीसाठी नव्या पाडाव्या लागतात. अडीच इंची पायात समोरासमोर दोन खोबणी झाल्या की मधे लाकूड उरतच नाही आणि पाय तिथेच फुटतो.

उशाच्या पायांच्या खोबणी आपोआप पुढे तोंड करून असतात. त्यांत पावणेसतरा इंची आधारांची तयार कुसवं बसतात. हे आधार पायथ्याच्या तुकड्याच्या खालच्या पट्टीला आतून गोंद आणि तीन-तीन स्क्रूंनी जोडायचे. पायथ्याची खालची पट्टी आणि लांब पट्टी यांच्या उंचीत बहुधा इंच-दीड इंचाचा फरक सापडेल. सुताराने तो मुद्दाम ठेवलेला असतो, दोन बाजूंची कुसवं एका पायात एकमेकांना भिडू नयेत म्हणून. आधार आतून लागत असल्याने हा फरक आड येत नाही.

आता राहिला हात उशाच्या पायाला जिथे टेकतो तो जोड. तिथे तयार खोबण नाही, आणि हाताचं कापलेलं टोक म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं. अशा टोकात घुसवलेला स्क्रू आज घट्ट वाटतो, चार महिन्यांनी कोणी हातावर जोर देऊन उठलं की सुटतो. तिथे १० मिलिमीटर जाडीच्या, दोन इंच लांब, सागाच्या किंवा पक्व बांबूच्या दोन खुंट्या घाला, अर्धी हातात, अर्धी पायात. खुंटीला एका बाजूने करवतीने उभी बारीक चर पाडा, म्हणजे अडकलेली हवा आणि जास्तीचा गोंद बाहेर येईल. नाहीतर गोंदाच्या दाबाने पाय तडकतो. या जोडाला फेव्हिकॉलऐवजी दोन डब्यांचं अ‍ॅराल्डाइट वापरा.

नवं कुसू करताना जाडी पट्टीच्या एक तृतीयांश ठेवतात, पण इथे खोबण आधीच तयार आहे. तेव्हा जाडी खोबणीवरून घ्यायची. पटाशीने अर्ध्या मिलिमीटरने जाड ठेवा आणि थोडं-थोडं तासत जुळवा. हाताच्या दाबाने आत जावं आणि उलटं धरलं तर गळून पडू नये, इतकं घट्ट पुरे. हातोडीने ठोकूनच जात असेल तर गोंदाला जागा राहत नाही. जुनं कुसू ढिलं झालं असेल तर त्याच्या अंगाला सागाची पातळ चिपळी चिकटवून सुकू द्या आणि तासून घ्या. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून पोकळी भरणं म्हणजे जोड नव्हे. ती लांबी, आणि लांबीवर भार पेलत नाही.

बैठकीचा उतार

पलंगाची उशाची चौकट अगदी उभी असते. तिला टेकून दहा मिनिटं बसलं की कंबर बोलते. पाठ कलती करता येत नाही, म्हणून बैठक मागे उतरती करायची: पुढून मागे एक इंचाचा उतार. उरलेल्या तुकड्यांतून पुढे एक इंच जाड आणि मागे शून्यावर येणाऱ्या तीन पाचरी काढा. दोन बाजूंच्या आधारांवर दोन, मधल्या आधारावर एक. फळीचा माथा पुढे साडेपंधरा आणि मागे साडेचौदा इंचांवर आला, वर दोन इंची गादी पडली, की बहुतेकांचे पाय जमिनीवर नीट टेकतात. घरातली मोठी माणसं बाक वापरणार असतील तर पुढची उंची आणखी इंचभर वाढवा. खोल आणि बुटक्या आसनातून उठताना गुडघ्यांना त्रास होतो.

पलंगाच्या फळ्या आडव्या टाकलेल्या असतील तर त्या साधारण ३३ इंचांच्या असतात. बाकात त्या लांबीच्या दिशेने, दोन टोकांपासून थोड्या छाटून, बसतात. दोन फळ्यांमधे ३ मिलिमीटर फट सोडा. साग फार हलत नाही, तरीही नाशिकच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत आणि ऑगस्टच्या दमटात सहा इंची फळीच्या रुंदीत एक ते दीड मिलिमीटरचा फरक पडतो. फट न ठेवता मेमध्ये बसवलेल्या फळ्या श्रावणात एकमेकींना ढकलतात आणि मधून फुगतात. एका फळीला प्रत्येक आधारावर एकच स्क्रू, रुंदीच्या मधोमध. आठ नंबरचा, दीड इंची, पितळी किंवा स्टेनलेस. लोखंडी स्क्रूभोवती ओल लागली की लाकूड काळं पडतं. आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासा. पितळी स्क्रू कोरडा फिरवला तर सागात अर्ध्यावर तुटतो.

पाठीच्या चौकटीत खालची पट्टी आणि तक्ता यांच्यामधे चार इंचांहून मोठी मोकळी जागा असेल तर तिथे एक उरलेली फळी लावा, नाहीतर गादी मागून सरकून बाहेर येते.

गोंद आणि हवा

सगळं एकदा गोंदाशिवाय जोडून बघा. टेपने दोन्ही कर्ण मोजा. उजव्या पुढच्या पायापासून डाव्या मागच्या पायापर्यंत आणि उलट, दोन्ही आकडे दोन मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत. नसतील तर चूक एखाद्या कुसवाच्या खांद्यावर आहे, तो शोधा.

सागाच्या अंगात तेल असतं, ते पृष्ठभागावर येत राहतं आणि गोंदाला धरू देत नाही. जोडाच्या जागा ताज्या तासा, थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, थिनर उडून गेलं की लगेच गोंद लावा. आज पुसून उद्या चिकटवलं तर पुसलेलं वाया गेलं. क्लॅम्प नसतील तर सुती दोरीचे दोन वेढे बाकाभोवती घालून मधे काठी अडकवून पीळ द्या, कोपऱ्यांखाली पुठ्ठा ठेवा. चोवीस तास हलवू नका.

थंडीची एक गोष्ट नाशिककरांनी खास लक्षात ठेवावी. पांढरा गोंद साधारण दहा अंशांच्या खाली नीट जमत नाही. सुकल्यावर खडूसारखा पांढरा भुगा होतो आणि जोड हाताने निघतो. डिसेंबर-जानेवारीत इथली पहाट त्याहून थंड असते, निफाडकडे तर विचारूच नका. त्या दिवसांत गोंद सकाळी अकरा-बाराला लावा आणि रात्री बाक गच्चीवर किंवा गॅलरीत न ठेवता घरात घ्या.

जुनं पॉलिश, नवं पॉलिश

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आतल्या बाजूला मिनिटभर ठेवा. पॉलिश चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, आहे, स्पिरिट आणि जाड्या फडक्याने पूर्ण निघेल. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ते घासूनच काढावं लागतं. पलंगाला ऑइलपेंट दिलेला असेल तर थांबा. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही, हीट गनने जाळायचाही नाही. पेंट रिमूव्हर लावून ओला असतानाच खरवडा, खरवड वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला करा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर काम दुसरीकडे न्या.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग घासून जात नाहीत, खोल असतात. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवा, हातमोजे घालून ब्रशने फक्त डागावर लावा, वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. हे विष आहे. सुकल्यावर पांढरी पूड राहिली आणि ती घासताना नाकात गेली तर घसा सोलतो, म्हणून पुसणं महत्त्वाचं.

घासायला ८०, १२०, १८०, २२० नंबरचे सँडपेपर या क्रमाने, नेहमी रेषेच्या दिशेने. कडा आणि नक्षी ८० ने घासू नका, जुनं कातकाम बोथट होतं.

पॉलिशसाठी माझं मत चपड्याच्या बाजूने आहे. मेलामाइन किंवा पीयू जास्त टिकतं, पाण्याला दाद देत नाही, पण ओरखडा पडला की सगळा भाग पुन्हा घासावा लागतो. चपड्याला वर नवा हात दिला की जुना थर त्यात विरघळून एक होतो. एक लिटर स्पिरिटला १५० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात तो काळपट होतो. रात्रभर ठेवा, मधे दोन-तीनदा हलवा, मलमलच्या कापडातून गाळा. कापसाच्या बोळ्याला सुती कापड गुंडाळून पातळ हात द्यायचे, दोन हातांमधे अर्धा तास, दिवसाला चारच. बारा हात पुरतात. दर चार हातांनंतर ३२० च्या पेपरने अगदी हलकं घासा. बोळा चिकटायला लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब, त्याहून जास्त नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये चपडा लावू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश पांढरं धुरकट पडतं. पडलंच तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटच्या ओलसर बोळ्याने एकदा हलकं फिरवा, बहुतेक वेळा धूर निघून जातो. दसरा-दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काम चांगलं होतं. कडक उन्हात मात्र सुकवायला ठेवू नका, फळ्या टोकांना चिरतात.

बाकाच्या हातांवर चहाचे कप टेकवले जाणार हे गृहीत धरा. एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग टर्पेंटाइन: मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करा, भांडं खोलीबाहेर नेऊन मग टर्पेंटाइन मिसळा. थंड झाल्यावर हातांवर फडक्याने चोळा आणि तासाभराने चकाकवा. ओल्या कपाची गोल खूण यामुळे लगेच उठत नाही. सॅनिटायझर सांडला तर मात्र चपडा विरघळतो, तो त्या क्षणी पुसायचा.

गादी कापसाचीच घ्या. माप ३३ बाय १८ इंच, जाडी दोन इंच. गादीवाल्याला दोन आडव्या ओळींत टाके घालायला सांगा, नाहीतर उतारामुळे कापूस मागे जमा होतो. पाठीला खालून जाड, वरून पातळ उशी शिवून घेतली तर उभ्या पाठीचा उरलेला त्रासही जातो.

उशाची चौकट साडेतीन फुटांहून उंच असेल तर बाक मागे जड होतो. मुलं पाठीवर चढली की तो उलटू शकतो. भिंतीला लावून ठेवा आणि वरच्या पट्टीमागे एक पितळी पट्टी भिंतीतल्या प्लगला अडकवा. पायांखाली तीन मिलिमीटरचं रबर चिकटवा, फरशी पुसताना पाणी पायाच्या तळातून वर चढत नाही. पहिला पावसाळा गेला की बोल्ट आणि फळ्यांचे स्क्रू एकदा पाव आट्याने आवळून घ्या.